विश्लेषण : कार्यालयातला डेटाबेस क्लाऊडवर न्यायचा, तर आधी काय काय तयार हवे?

सावित्रीचे पाणी वाढू लागले की महाडच्या बाजारपेठेत माल वरच्या मजल्यावर चढतो. टेबलाखालचा सर्व्हर मात्र बहुतेक वेळा तिथेच राहतो. त्यावर सल्ला ठरलेला असतो : ‘सगळे क्लाऊडवर टाका.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. चालू डेटाबेसची जिवंत नक्कल क्लाऊडवर ठेवायची तर मूळ सर्व्हरवर, इंटरनेटच्या जोडणीत आणि माणसांच्या सवयीत बऱ्याच गोष्टी आधी जुळवून घ्याव्या लागतात. त्या नसतील तर नक्कल सुरूच होत नाही. किंवा सुरू होते आणि नेमक्या पुराच्या आठवड्यात तुटते.

महाड-तळीयेशी याचा संबंध काय?

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर कोसळला. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथे दरडी आल्या. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला आणि तिथेच उगम पावणाऱ्या सावित्रीने महाड शहर बुडवले. रस्ते बंद, वीज नाही, फोन लागत नाहीत. तळीयेची खबर आणि मदत दोन्ही उशिरा पोहोचली. शोधकार्य थांबले तेव्हा तळीयेत ५३ मृतदेह हाती आले होते आणि ३१ जण सापडले नव्हते. त्या ३१ जणांना मृत मानण्याचा निर्णय प्रशासनाला घ्यावा लागला. एरवी बेपत्ता माणूस मृत गृहीत धरायला कायद्याने सात वर्षांचा काळ सांगितला आहे.

अशा वेळी नोंदी म्हणजे कागदी सोपस्कार राहत नाहीत. घरात कोण राहत होते, जमीन कोणाच्या नावावर, वारस कोण, ठेव किती, कर्ज किती, दवाखान्यात शेवटी कोण दाखल होते, या साऱ्याचे उत्तर कुठल्या तरी नोंदीत असते. सातबाऱ्याबाबत परिस्थिती त्यातल्या त्यात बरी होती. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळू लागला होता. १५ रुपये भरून तो कुठूनही काढता येतो. घरातली पत्र्याची पेटी मातीखाली गेली तरी उतारा गेला नाही. पण पतसंस्था, खासगी दवाखाना, शाळा, गोदाम किंवा औद्योगिक वसाहतीतला मध्यम कारखाना यांचा डेटा आजही अनेक ठिकाणी एकाच इमारतीत, एकाच यंत्रावर असतो. २००५ च्या जुलैमध्ये याच तालुक्यातल्या दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते या गावांवर दरडी आल्या होत्या. म्हणजे ‘शंभर वर्षांत एकदा’ हा हिशेब इथे चालत नाही.

नक्कल नेमकी कशाची होते?

जुन्या पेढीवरची रोजकीर्द आणि खतावणी आठवा. व्यवहार घडेल त्या क्रमाने रोजकीर्दीत लिहायचा, मग खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचा. डेटाबेसही असेच काम करतो. टेबले म्हणजे खतावणी. आणि झालेला प्रत्येक बदल क्रमाने लिहून ठेवणारी फाइल, म्हणजे लॉग, ही त्याची रोजकीर्द. मायएसक्यूएलमध्ये तिला बायनरी लॉग म्हणतात, पोस्टग्रेसमध्ये वॉल, तर एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्रान्झॅक्शन लॉग.

क्लाऊडवरच्या नकलेला, म्हणजे रेप्लिकेशनला, दोन गोष्टी लागतात. आधी एका ठरावीक क्षणाची पूर्ण खतावणी तिकडे न्यायची. मग त्या क्षणापासून पुढची रोजकीर्द ओळीने पाठवत राहायची आणि तिकडे खतावणीत चढवत राहायची. क्षण चुकला तर काही व्यवहार दोनदा चढतात किंवा गळतात. पुढच्या बहुतेक पूर्वअटी या एवढ्याशा गोष्टीतून निघतात.

सर्व्हरवर आधी काय सुरू असावे लागते?

पहिली अट अर्थातच रोजकीर्द लिहिली जात असणे. हे हसण्यावारी नेऊ नये. मायएसक्यूएलच्या ५.७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत बायनरी लॉग मुळात बंद असतो, ८.० पासून तो आपोआप सुरू असतो. जुन्या सॉफ्टवेअरसोबत बसवलेला सर्व्हर वर्षानुवर्षे लॉगशिवाय चालत असण्याची शक्यता मोठी. तो सुरू करायला सर्व्हर एकदा बंद-चालू करावा लागतो. लॉग ‘रो’ स्वरूपाचा हवा, म्हणजे कोणता आदेश दिला हे नव्हे तर कोणती ओळ बदलून काय झाली हे लिहिणारा. प्रत्येक सर्व्हरला वेगळा क्रमांक हवा. काही क्लाऊड सेवा प्रत्येक व्यवहाराला जगभर एकमेव ठरणारा क्रमांक असण्याचीही अट घालतात; ती जीटीआयडी म्हणून ओळखली जाते. पोस्टग्रेसमध्ये वॉलची पातळी ‘लॉजिकल’ करावी लागते आणि पुरेसे रेप्लिकेशन स्लॉट मोकळे ठेवावे लागतात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये रिकव्हरी मॉडेल ‘फुल’ लागते की नाही हे पद्धतीवर ठरते, पण एक गोष्ट पक्की : फुकट मिळणारी एक्स्प्रेस आवृत्ती ट्रान्झॅक्शनल रेप्लिकेशनमध्ये नक्कल घेऊ शकते, देऊ शकत नाही. छोट्या कार्यालयात हीच आवृत्ती आढळते आणि तिथेच योजना अडते.

दुसरी अट प्रायमरी कीची, म्हणजे टेबलातली प्रत्येक ओळ ओळखता येईल अशा एकमेव क्रमांकाची. घाईत बनवलेल्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये काही टेबलांना ती नसते. मग ‘रमेशच्या खात्यात ५०० रुपये वाढव’ हा बदल तिकडे पोहोचतो, पण कोणत्या ओळीवर करायचा हे शोधायला मायएसक्यूएलची नक्कल अख्खे टेबल चाळत बसते आणि मागे पडत जाते. पोस्टग्रेस अधिक कडक आहे. अशा टेबलाचे नाव प्रसारित होणाऱ्या यादीत टाकले आणि ओळख ठरवली नाही, तर ओळ बदलण्याचा किंवा पुसण्याचा आदेश मूळ सर्व्हरवरच नाकारला जातो. म्हणजे नकलेच्या नादात चालू काउंटर बंद. हे सोमवारी सकाळी रांग लागलेली असताना कळू नये.

टेबले कोणत्या इंजिनवर आहेत हेही पाहावे लागते. मायएसक्यूएलमधील जुने मायआयसॅम इंजिन व्यवहार अर्धवट राहिल्यास मागे घेऊ शकत नाही, आणि अनेक क्लाऊड सेवा फक्त इनोडीबीची टेबले स्वीकारतात. शिवाय चालू सर्व्हर न थांबवता एका क्षणाची सुसंगत प्रत काढायची सोयही इनोडीबीवरच विसंबून असते. क्लाऊडवरची आवृत्ती मूळ आवृत्तीइतकी किंवा त्याहून नवी हवी. उलट चालत नाही. नकलेसाठी वेगळे खाते बनवावे आणि त्याला लॉग व टेबले वाचण्यापुरताच अधिकार द्यावा. मुख्य ॲडमिनचा पासवर्ड क्लाऊड सेवेत चिकटवून मोकळे होणे सोपे असते, म्हणूनच ते सर्रास होते.

जे नकलेत येतच नाही, त्याची यादी वेगळी करावी. वापरकर्त्यांची खाती व त्यांचे अधिकार बहुतेकदा येत नाहीत. पोस्टग्रेसच्या लॉजिकल पद्धतीत टेबलाच्या रचनेतले बदल आणि अनुक्रमांक देणारे ‘सीक्वेन्स’ येत नाहीत. मूळ सर्व्हर बुडाला, क्लाऊडवरून काम सुरू केले आणि पहिल्याच पावतीला १ क्रमांक मिळाला, असा प्रकार यातूनच होतो. आणि टॅलीसारख्या पॅकेजचा हिशेब स्वतःच्या फाइलींच्या फोल्डरमध्ये असतो. तो फोल्डर क्लाऊडवर सिंक करणे हे डेटाबेसचे रेप्लिकेशन नव्हे. कोणी नोंद करत असतानाच फाइल उचलली गेली तर तिकडे पोहोचलेली प्रत अर्धवट असू शकते.

मराठी नावांचे काय होते?

हा भाग इंग्रजी पुस्तिकांत सापडत नाही, पण आपल्याकडे इथेच सर्वाधिक गोंधळ होतो.

युनिकोड रुळण्याआधी मराठी मजकूर श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकला जाई. अशा डेटाबेसात ‘कोंढाळकर’ असे काही साठवलेलेच नसते. तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हांची एक ओळ असते आणि ठरावीक फॉन्ट लावला की तीच पडद्यावर कोंढाळकर दिसते. नक्कल करताना एखाद्या साधनाने ‘सुधारणा’ म्हणून अक्षरसंच बदलला तर त्या चिन्हांपैकी काही बदलतात आणि नाव कायमचे विस्कटते. फॉन्ट असला तरी मग ते वाचता येत नाही. दुसरा प्रकार अधिक फसवा. मजकूर युनिकोडमध्ये, पण टेबलावर अक्षरसंच लॅटिन लिहिलेला. जुन्या सॉफ्टवेअरला दोन्ही चुका एकमेकांना झाकत असल्याने सारे व्यवस्थित दिसते. क्लाऊडवर नवे सॉफ्टवेअर जोडले की प्रश्नचिन्हांची रांग लागते.

मायएसक्यूएलच्या जुन्या ‘यूटीएफ८’ प्रकारात एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरीला तेवढे पुरतात, त्यामुळे गावांची नावे नीट बसतात. कोणी शेऱ्यात इमोजी टाकला की मात्र नोंद अडते, कारण त्याला चार लागतात. म्हणून नवा डेटाबेस ‘यूटीएफ८एमबी४’ मध्येच बनवावा. आणि खरी सगळी नावे नेण्याआधी वीस-पंचवीस अवघड नावे निवडून चाचणी घ्यावी : रफार असलेली, जोडाक्षरांची, ‘ऱ्ह’ आणि ‘ॲ’ असलेली. ठेव कोणाची हे ठरवताना ‘कदम’ आणि ‘????’ यांत फरक असतो.

वेळेचेही असेच. क्लाऊडवरचे सर्व्हर सहसा जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. भारतीय वेळ त्यापुढे साडेपाच तास आहे. नक्कल चालू असेपर्यंत हे लक्षात येत नाही. पण काम क्लाऊडवर हलवले आणि वेळेची सेटिंग तशीच राहिली, तर २२ तारखेच्या पहाटे तीनला जन्मलेले बाळ दवाखान्याच्या नोंदीत २१ तारखेचे होते.

इंटरनेट किती हवे?

समजा, महाडमधल्या एका पतसंस्थेचा डेटाबेस १०० जीबीचा आहे. (संस्था काल्पनिक, गणित खरे.) अपलोडचा प्रत्यक्ष वेग सेकंदाला २० मेगाबिट असेल तर पहिली प्रत जायला साधारण ११ तास लागतात, म्हणजे एक रात्र. तोच वेग २ मेगाबिट असेल तर साडेचार दिवसांहून अधिक. जाहिरातीतला वेग डाउनलोडचा असतो. इथे उलट्या दिशेचा वेग मोजायचा असतो, आणि तोही दुपारी कार्यालय भरलेले असताना. पहिली प्रत पोहोचेपर्यंतची सगळी रोजकीर्द जपलेली असावी लागते, हे त्यात धरावे.

जोडणी कोणी कोणाला करायची, हा पुढचा मुद्दा. अनेक सेवांमध्ये क्लाऊड तुमच्या सर्व्हरला हाक मारतो. त्यासाठी कार्यालयाला स्थिर, सार्वजनिक आयपी पत्ता लागतो. मोबाइल डाटा आणि बऱ्याच स्वस्त ब्रॉडबँड जोडण्यांमध्ये एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आलेली हाक आत पोहोचतच नाही. मग स्थिर पत्ता विकत घ्यावा लागतो किंवा कार्यालयातून बाहेर व्हीपीएनचा बोगदा काढावा लागतो. डेटाबेसचे दार (मायएसक्यूएलचे ३३०६, पोस्टग्रेसचे ५४३२, एसक्यूएल सर्व्हरचे १४३३) अख्ख्या इंटरनेटसाठी उघडे ठेवणे हा शॉर्टकट कोणी सुचवला तर त्या माणसाला पुन्हा बोलावू नये. ठरावीक पत्त्यांनाच प्रवेश आणि वाटेत सांकेतिकरण, याखाली तडजोड नाही.

जोडणी आठ दिवस तुटली तर?

कोकणात हा प्रश्न ‘तुटली तर’ असा नसून ‘तुटेल तेव्हा’ असा आहे. जोडणी तुटली तरी मूळ सर्व्हर काम करत राहतो आणि रोजकीर्द साठत जाते. जोडणी आली की नक्कल जिथे थांबली तिथून पुढे वाचू लागते. पण तोवर जुनी पाने पुसली गेली असतील तर दुवा तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून पूर्ण प्रत न्यावी लागते. मायएसक्यूएल ८.० मध्ये लॉग मुळात ३० दिवस राखला जातो. पण जागा वाचवण्यासाठी कोणीतरी तो एक-दोन दिवसांवर आणलेला असतो. हा आकडा आपल्या भागातल्या सर्वांत लांब खंडापेक्षा मोठा हवा. तो माहिती देणाऱ्या पुस्तिकेत नसतो, २०२१ ची आठवण असलेल्या कर्मचाऱ्याकडे असतो.

उलट बाजूही आहे. पोस्टग्रेसमधला रेप्लिकेशन स्लॉट नक्कल परत येईपर्यंत रोजकीर्द पुसू देत नाही. मर्यादा घातली नाही तर डिस्क भरते आणि मूळ डेटाबेसच थांबतो. पोस्टग्रेस १३ पासून ही मर्यादा घालता येते. म्हणून डिस्कवरची मोकळी जागा ही पूर्वअटच आहे. पतसंस्थेच्या रोजकीर्दीत दिवसाला २ जीबी भर पडत असेल तर दहा दिवसांच्या खंडाला २० जीबी जागा लागते, आणि नंतर १० मेगाबिटच्या वेगाने हा अनुशेष भरून निघायला साडेचार तास. हे हिशेब जमण्यासारखे आहेत, फक्त आधी करावे लागतात.

विजेचे खेळही याच यादीत येतात. मायएसक्यूएलमध्ये प्रत्येक व्यवहार पुरा होताच तो डिस्कवर पक्का उतरवण्याच्या दोन सेटिंग असतात. वेग वाढवायला त्या सैल केल्या जातात. मग अचानक वीज गेली की खतावणी आणि रोजकीर्द यांत फरक पडू शकतो, आणि नक्कल मुळापासून वेगळी होते. यूपीएस आणि सर्व्हर आपोआप नीट बंद होण्याची सोय ही इथे क्लाऊडइतकीच महत्त्वाची.

नक्कल असली की बॅकअप नको का?

हवाच. नक्कल इमानदार असते. चुकून पुसलेले टेबल ती काही सेकंदांत तिकडेही पुसते. सायबर हल्ल्यात खराब झालेला डेटाही तितक्याच तत्परतेने पोहोचवते. इमारत बुडण्यापासून ती वाचवते, माणसाच्या चुकीपासून नाही.

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत जे घडले ते तिने स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. भार वाढल्याने त्यांची नक्कल मागे पडली. तिला लागणारी लॉगची पाने मूळ सर्व्हरवरून पुसली गेली होती, त्यामुळे नक्कल रिकामी करून नव्याने भरायचे ठरले. रात्री उशिरा थकलेल्या अभियंत्याने पुसण्याचा आदेश नकलेऐवजी मूळ सर्व्हरवर दिला. सुमारे ३०० जीबी डेटा गेला. बॅकअप काढायला गेले तर बॅकअप नव्हताच : बॅकअप घेणारे साधन पोस्टग्रेस ९.२ चे होते, डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे ते रोज अपयशी ठरत होते आणि तशी सूचना देणाऱ्या ईमेलही नाकारल्या जात होत्या. शेवटी सहा तासांपूर्वी चाचणीसाठी सहज काढलेल्या प्रतीने वाचवले. लॉग किती दिवस राखायचा, आवृत्त्या जुळतात का, सूचना कोणाला पोहोचते, हे तिन्ही कंटाळवाणे प्रश्न एका रात्रीत एकत्र आले.

दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी दैजॉन शहरातल्या सरकारी डेटा केंद्राला आग लागली. शेकडो सरकारी सेवा थांबल्या आणि कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातला ८५८ टेराबाइट डेटा गेला, कारण ‘आकार फार मोठा’ म्हणून त्याची बाहेर प्रतच ठेवली नव्हती. तेव्हा क्लाऊड हाही कोणाच्या तरी इमारतीतला सर्व्हरच असतो, हे विसरू नये.

केंद्र कोणते निवडावे? कायदा काय म्हणतो?

ॲमेझॉनची केंद्रे मुंबई (२०१६) आणि हैदराबाद (२०२२) इथे आहेत. मायक्रोसॉफ्टची पुणे, मुंबई, चेन्नई. गुगलची मुंबई आणि दिल्ली. महाडला मुंबई जवळ म्हणून वेग बरा मिळतो. पण २६ जुलै २००५ ला दोन्हीकडे एकाच पावसाने कहर केला होता. त्यामुळे रोजची नक्कल मुंबईत आणि रात्रीचा बॅकअप हैदराबाद किंवा चेन्नईत, ही वाटणी शहाणपणाची.

कंपन्यांनी इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवावा, असे कंपनी कायद्याखालचे नियम २०२२ पासून सांगतात. सायबर घटना घडल्यास सहा तासांत सर्ट-इनला कळवायचे असते. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. डेटा क्लाऊडवर ठेवला म्हणून तो राखण्याची जबाबदारी क्लाऊड कंपनीवर ढकलता येत नाही. ती संस्थेकडेच राहते. करार वाचताना हे आधी पाहावे.

तयारी झाली, हे कसे ओळखायचे?

दोन आकडे संचालकांनी ठरवायचे असतात, संगणकवाल्याने नव्हे. किती वेळेपर्यंतच्या नोंदी गेल्या तर चालतील? आणि किती वेळ काम बंद राहिले तर चालेल? दवाखान्याचे उत्तर वेगळे येईल, गोदामाचे वेगळे. एका दिवसाच्या नोंदी पुन्हा हाताने भरता येत असतील तर जिवंत नकलेचा खटाटोप न करता रोज रात्रीचा बाहेरगावचा बॅकअप पुरतो, आणि तसे स्पष्ट सांगणारा सल्लागार मिळाला तर तो धरून ठेवावा.

नक्कल किती मागे आहे हे रोज कोणीतरी बघायला हवे. मूळ सर्व्हर मुद्दाम बंद करून क्लाऊडवरून दिवसभर काम करून बघायला हवे, तेही मे महिन्यात, वीज आणि रस्ते धड असताना. त्या दिवशी हटकून निघणारी अडचण तांत्रिक नसते. क्लाऊडच्या खात्याचा पासवर्ड सर्व्हरजवळच्या वहीत असतो आणि ओटीपी येतो तो एकाच माणसाच्या फोनवर. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये असते तर वही पाण्यात आणि फोन नेटवर्कबाहेर असता. म्हणून दुसरा फोन नंबर महाडबाहेरच्या, शक्यतो घाटावरच्या, एखाद्या संचालकाचा नोंदवावा, आणि सांकेतिकरणाच्या किल्लीची एक छापील प्रत दुसऱ्या गावातल्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावी.